क्षमा कोणी करायची?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्ताचे देऊळ आहे तिथे बहुधा गुरुवारचे भजन असते, आणि भजन आहे तिथे मंडळीत एखादा अवघड माणूसही असतो. वाचकहो, तुम्ही रत्नागिरीचे असा, देवरुखचे असा की पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेले असा, हे वाक्य वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोणीतरी उभे राहिलेच असेल. कोणाला तो पेटीवर दिसेल, कोणाला हिशेबाच्या वहीपाशी, कोणाला प्रसादाच्या पातेल्याशेजारी. तो दुष्ट नसतो. बऱ्याचदा मंडळीतला सर्वांत कामाचा माणूस तोच असतो. पण तो आला की चार जणांचा आवाज खाली जातो, आणि एखाद्या गुरुवारी आला नाही की लोक मोकळेपणाने गातात. अशा माणसाशी वागावे कसे, हा प्रश्न दिसायला लहान आहे. पण आपण ज्या ग्रंथांची पारायणे करतो त्या ग्रंथांपुढे तो ठेवला तर पुष्कळ खोल जातो. म्हणून यंदाच्या जयंती अंकासाठी त्यावरच लिहायचे ठरवले.

नोकरीत अवघड माणूस भेटला तर वर साहेब असतो, बदलीची सोय असते. घरात भेटला तर रक्ताचे नाते असते. कितीही वाजले तरी रात्री पाने एकाच स्वयंपाकघरात मांडली जातात. भजनी मंडळाला यातले काहीच नाही. पगार नाही, हुकूम नाही, सक्ती नाही. आठवड्याचे दोन तास आपण हौसेने येतो, सतरंजी अंथरतो, टाळ हातात घेतो. इथे जो दुखावला जातो त्याच्यापुढे न येणे एवढाच मार्ग असतो, आणि तो निमूटपणे तोच धरतो. त्यामुळे भांडणाचा आवाज होत नाही. सतरंजीवरची एक जागा रिकामी होते, एवढेच.

आमच्याच मंडळीतली गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, त्यांची गरजही नाही. रत्नागिरीतल्या एका आळीत आमचे भजन चालते. दहा-बारा जण आहोत. निवृत्त मास्तर, दुकानदार, दोन-तीन गृहिणी, आणि पखवाजाला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत काम करणारा एक तरुण. मी टाळकरी. आमचे पेटीवाले सत्तरीच्या पुढचे, गळ्याने आणि हाताने तयार. धो धो पाऊस असला तरी वेळेच्या आधी पाच मिनिटे देवळात हजर. गजर कुठे चढवायचा, अभंग कुठे सोडायचा, गवळण कधी घ्यायची, हे त्यांना जेवढे कळते तेवढे आमच्यात कोणालाच कळत नाही. पण चूक दिसली की त्यांना धीर धरवत नाही. चालू भजनात पेटी थांबवायची आणि सगळ्यांदेखत बोलायचे, ही त्यांची रीत. पखवाजवाल्याला, "अरे, डबे वाजवतोयस की पखवाज?" हे ठरलेले. आम्हा म्हाताऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. आम्ही ऐकून घेतले, हसलो, पुढे गेलो.

मग चातुर्मासात एक बाई भजनाला येऊ लागल्या. घरोघरी स्वयंपाकाची कामे करतात. नवरा वर्षापूर्वी गेलेला. आवाज गोड, पाठांतर भरपूर, पण ‘ण’चा ‘न’ होतो, जसा आपल्याकडे हजारो घरांत होतो. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी त्यांनी भीत भीत एक अभंग घेतला. त्यात ‘चरणी’ असा शब्द होता, तो त्यांच्या तोंडून ‘चरनी’ असा आला. पेटी थांबली. "चरनी? गुरं चरायला सोडलीत की काय, बाई?" दोघे-तिघे हसले. बाईही हसल्या. अभंग कसाबसा पुरा केला, प्रसाद घेतला, आणि पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत.

यावर आमच्यात जी चर्चा झाली ती सगळ्याच मंडळींत होत असेल. काही जण म्हणाले, "सोडा हो, वयस्कर माणूस आहे, स्वभावाला औषध नाही. दत्ताच्या दारात बसतो आपण, क्षमा करायला शिकलं पाहिजे." काही जण म्हणाले, "त्यांना सरळ सांगा, उद्यापासून येऊ नका." आणि उरलेले देवळात गप्प, घरी जाताना रस्त्यावर बोलके. यातले पहिले म्हणणे कानाला सर्वांत धार्मिक वाटते. म्हणूनच ते नीट पारखून घ्यायला हवे. क्षमा करावी हे खरेच. पण कोणी करायची, आणि कोणाच्या वतीने?

आधी आपल्या अंगणाची झाडलोट करू. भागवताच्या एकादश स्कंधात भिक्षुगीत आहे. अवंती देशातला एक श्रीमंत पण महाकंजूष ब्राह्मण. पैसा गेला, आप्तांनी पाठ फिरवली, वैराग्य आले आणि तो भिक्षू झाला. लोक त्याची काठी पळवत, भिक्षेच्या अन्नात घाण करत, वाटेल ते बोलत. तेव्हा तो स्वतःशी म्हणतो की माझ्या दुःखाला हे लोक कारण नाहीत, देव नाहीत, ग्रहही नाहीत. सगळे फिरवणारे माझे मनच आहे. हे वाचल्यावर आपणही स्वतःला विचारले पाहिजे: मला या माणसाचे जे खुपते, त्यात खरे दुखणे किती आणि माझा मानापमान किती?

त्याच स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. आपल्या संप्रदायात तो अवधूत म्हणजे साक्षात दत्तप्रभूच. त्या चोविसांत कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. आपल्या मंडळीत असे तुकडे किती! पहिला अभंग कोणी घ्यायचा, समईजवळ कोणी बसायचे, उत्सवाच्या पत्रिकेत नाव कितवे. हे तुकडे टाकून दिले की निम्मी भांडणे तिथेच संपतात. माझ्या टाळाला पेटीवाल्यांनी नावे ठेवली, ती मी याच खात्यात जमा करतो. ते मी सोडून दिले, आणि त्यात काही मोठे केले असे मला वाटत नाही.

पण त्या बाईंचा अपमान या खात्यात बसत नाही. तो तुकडा माझ्या चोचीत नव्हताच. मी तो टाकणार कसा?

इथे सगळे मेख आहे. "पृथ्वीकडून क्षमा शिकलो," असे अवधूत म्हणतो, हे आपण प्रवचनातून शंभरदा ऐकले आहे. नांगराने उकरा, पायाने तुडवा, पृथ्वी सोसते. पण भागवतातला उपदेश एवढ्यावर थांबत नाही. इतरांनी त्रास दिला तरी शहाण्याने आपल्या मार्गावरून ढळू नये, हे पृथ्वीपासून शिकावे, असा तो उपदेश आहे. म्हणजे पृथ्वी सोसते आणि आपले काम सोडत नाही. तिचे काम काय? आपल्या अंगाखांद्यावर जे आहेत त्या सगळ्यांना धरून ठेवणे. जी क्षमा करताना आपले धरून ठेवण्याचे कामच सुटते, तिला पृथ्वीचा दाखला कसा द्यायचा?

हे मला पैठणच्या नाथमहाराजांकडे पाहून जास्त कळते. नाथांचे गुरू देवगडचे, म्हणजे आजच्या दौलताबाद किल्ल्यावरचे जनार्दनस्वामी. ते दत्तभक्त, म्हणून नाथ आपल्याच घरचे. आणि चोवीस गुरूंचे आख्यान ज्या एकादश स्कंधात आहे त्याच स्कंधावरची नाथांची टीका म्हणजे एकनाथी भागवत. नाथांच्या दोन गोष्टी लहानपणापासून आपल्या कानांवर आहेत. पहिली: नाथ गोदावरीवर स्नान करून येत आणि वाटेवरचा एक माणूस त्यांच्या अंगावर थुंके. नाथ परत जाऊन स्नान करत. तो पुन्हा थुंके. असे एकशे आठ वेळा झाले म्हणतात. शेवटी तोच थकला आणि पाया पडला. नाथ म्हणाले, तुझ्यामुळे मला आज इतक्या वेळा गंगास्नान घडले. दुसरी: भर दुपारी गोदेच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या घरचे एक पोर आईच्या मागे धावताना पडले, रडत होते. नाथांनी शिवाशिवीचा विचार केला नाही. पोराला उचलले, नाक पुसले, कडेवर घेऊन त्याच्या घरी पोहोचवले.

या दोन्ही गोष्टी आपण वेगवेगळ्या सांगतो. एक शांतीची, दुसरी समतेची. जरा शेजारी ठेवून पाहा. तोच माणूस, तीच नदी, तेच वाळवंट. स्वतःच्या अंगावरची थुंकी त्यांनी एकशे आठ वेळा सोसली. दुसऱ्याच्या पायाचा चटका त्यांनी एकदाही सोसला नाही. नाथांच्या शांतीचे माप हे आहे. आपल्यावर आलेले सोसायला सीमा नाही; दुसऱ्यावर आलेले, दिसल्यानंतर, क्षणभरही सोसायचे नाही.

आपले मात्र उलटे होते. कोणी आपल्याला बोलले तर रात्रभर झोप लागत नाही, आणि कोणी तिसऱ्याला बोलले की लगेच क्षमेची आठवण होते! दुसऱ्याच्या वतीने केलेली क्षमा फार स्वस्त पडते, कारण तिची किंमत दुसराच देतो. आमच्या बाबतीत ती किंमत त्या बाई घरी बसून देत होत्या.

मग पुढे काय? हाकलून द्यावे? त्यासाठी गुरुचरित्राकडे येऊ. श्रीनृसिंहसरस्वती महाराजांपुढे दोन तऱ्हांची अवघड माणसे आली. पहिले कुमसीचे त्रिविक्रमभारती. महाराज गाणगापुरात राहू लागले, त्यांचा मान वाढला, तेव्हा हे म्हणू लागले की संन्याशाला हा थाट कशाला, हा दंभ आहे. निंदा महाराजांची स्वतःची होती. महाराजांनी काय केले? स्वतः उठून त्यांच्या गावी गेले. २४ व्या अध्यायात ही कथा आहे. त्रिविक्रमभारतींचा संशय फिटला आणि ते शिष्य झाले.

दुसरे ते दोन विद्वान ब्राह्मण. गावोगाव फिरायचे, वेदावर वाद करा नाही तर हरल्याचे जयपत्र लिहून द्या, असे म्हणत लोकांना खाली पाहायला लावायचे. ते त्रिविक्रमभारतींच्या मागे लागले आणि ते त्यांना महाराजांकडे घेऊन आले. महाराजांनी आधी समजावले. २६ वा अध्याय जवळजवळ सगळा समजावण्याचाच आहे: वेद किती अपार आहेत, कोणाला सगळे येत नाहीत, गर्व सोडा. ऐकले नाही. तेव्हा महाराजांनी रस्त्याने जाणाऱ्या एका पतिताला बोलावले, सात रेघा ओढून त्या एकेक ओलांडायला लावल्या, आणि त्याच्याच तोंडून वेद बोलवले. विद्वानांची मान खाली गेली. शिक्षाही झाली, बारा वर्षे ब्रह्मराक्षस होण्याची. पण त्या शिक्षेला अंत होता. पुढची सुटकाही महाराजांनीच सांगून ठेवली.

पारायणात हे अध्याय आपण भराभर वाचून जातो. थांबून पाहिले तर त्यात रीत सापडते. स्वतःची निंदा करणाऱ्याच्या दारी स्वतः जायचे. दुसऱ्यांना हिणवत फिरणाऱ्याला आधी समजावायचे, खरोखर वेळ देऊन समजावायचे. नाहीच ऐकले तर थांबवायचे. आणि थांबवतानाही परतीची वाट मोकळी ठेवायची. यात सोसून घेणेही बसत नाही आणि तोडून टाकणेही बसत नाही.

आम्ही दोघे जण एका दुपारी पेटीवाल्यांच्या घरी गेलो. मुद्दाम घरी. सगळ्यांदेखत बोलू नका असे सगळ्यांदेखत सांगण्यात काय अर्थ? त्यांनी चहा केला. घरात दुसरे कोणी नाही. पत्नी गेल्याला सहा वर्षे झाली, मुलगा ठाण्याला, गणपतीला चार दिवस येतो. पेटी पलंगाजवळच्या स्टुलावर, कापडाने झाकलेली. मी म्हटले, "तुम्ही आम्हांला काय बोलायचं ते बोला, आम्ही तुमच्या बरोबरीचे. पण त्या बाईंना आणि त्या पोराला भजनात, चारचौघांत बोलायचं नाही. चूक सांगायची ती भजन संपल्यावर, बाजूला घेऊन."

ते म्हणाले, "म्हणजे अशुद्ध चालवून घ्यायचं? देवापुढे?"

प्रश्न रास्त होता. शुद्ध उच्चाराची चाड असणे हा दोष नाही. तशी माणसे होती म्हणून तर पाठांतरे टिकली. माझ्याबरोबरचे मास्तर म्हणाले, "अशुद्ध सुधारा की. पस्तीस वर्षं मी तेच केलं. पण ज्या पोराला वर्गात हसलो, ते पोर नंतर तोंडच उघडत नाही. मग सुधारणार काय?"

पेटीवाले बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मग पेटीला दुसरा कोणीतरी बघा."

तीन गुरुवार ते आले नाहीत. आम्ही नुसत्या टाळ-पखवाजावर भजन केले. सूर इकडेतिकडे झाला, खोटे कशाला बोलू? मंडळीतल्या काहींनी आम्हांला ऐकवलेही: "एका नव्या बाईसाठी जुना माणूस घालवलात." या आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे, कारण पुष्कळ मंडळी इथेच अडतात. जाणकार गेला तर भजन बेसूर होईल, ही भीती खरी आहे. पण तो राहावा म्हणून आपण गप्प बसतो तेव्हाही कोणीतरी जातच असते. फक्त ते गरीब असते, नवे असते, आवाज न करता जाते, म्हणून त्याची गणती होत नाही. रत्नागिरीत तरी हे विसरता येत नाही. याच गावात १९३१ साली सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभे राहिले, सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत खुले. दार उघडण्याचे काम आपल्या आजा-पणजांच्या पिढीने केले. आत आलेल्याला त्याच्या बोलीवरून हसू न देणे, एवढे तरी आपल्याकडे उरले आहे.

कोणी म्हणेल, कोकणात भजनात चिमटे चालतातच. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना काय काय ऐकवतात, आणि लोक पहाटेपर्यंत ऐकतात! खरे आहे, मलाही ती मजा आवडते. पण तिथे दोन्ही बुवा तयारीचे असतात, दोघांच्या हाती पेटी असते, एकाने बोलले की दुसऱ्याची पाळी येते. त्या बाईंची पाळी कधी येणार होती?

आणखी एक मार्ग सुचवला गेला. वेगळी मंडळी काढू, त्यांच्याविना. त्यालाही अवधूताच्या आख्यानात आधार निघतो. साळी कांडणाऱ्या कुमारीच्या हातांत कांकणे वाजू लागली, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने एकेक उतरवले. दोन राहिली तरी वाजत, एकच राहिले तेव्हा आवाज थांबला. एकट्याने राहावे, असा तो धडा. पण तो एकांतात साधना करणाऱ्याला आहे. भजन म्हणजे कांकणे वाजणारच. एकच कांकण ठेवले तर आवाज नाही आणि भजनही नाही.

आणि त्या घरातला तो स्टूल माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आठवड्याच्या सात दिवसांत ज्या माणसाची गरज कोणाला पडते ती गुरुवारचे दोन तास. त्याला कायमचे ‘येऊ नका’ म्हणणे हीसुद्धा क्रूरताच झाली असती. म्हणून आम्ही त्यांची पेटीची जागा कोणाला दिली नाही. दर गुरुवारी पखवाजवाला पोर सकाळी फोन करून सांगे, "काका, भजन साडेसहाला आहे." त्याची कल्पना त्याचीच. ज्याला सर्वांत जास्त बोलणी बसली होती त्यालाच हे सुचले. त्याने केलेली क्षमा मात्र खरी, कारण ती त्याची स्वतःची होती.

चौथ्या गुरुवारी पेटीवाले आले. माफी वगैरे नाही. आले, बसले, सूर धरला. बाईंकडे माझी पत्नी दोनदा जाऊन आली होती. त्या आल्या, पण म्हणाल्या, "वहिनी, मी टाळ धरीन. गानार नाही." कार्तिकापर्यंत त्यांनी नुसता टाळ धरला. मग एका गुरुवारी सगळ्यांनी आग्रह केला. पेटीवाल्यांनी मान वर न करता विचारले, "तुमची पट्टी कुठली?" बाईंना पट्टी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. त्यांनी गुणगुणून दाखवले, पेटीवाल्यांनी दोन-तीन स्वर दाबून पाहिले आणि त्यांच्या सुरावर पेटी आणून ठेवली. अभंगात ‘न’ तिथेच होता. पेटी थांबली नाही. पेटीवाल्यांच्या कपाळाला आठी पडलेली मात्र मी पाहिली. स्वभाव एवढ्याने बदलत नाही, आणि तो बदलावा अशी अट आम्ही घातलीही नव्हती.

आता ज्यांना शिकायचे आहे त्यांनी भजनाआधी अर्धा तास यावे, असे ठरले आहे. तिथे पेटीवाले हवे तितके चुका काढतात. आलेला माणूस चुका काढून घ्यायलाच आलेला असतो, त्यामुळे बोल लागत नाही. पखवाजवाला नेमाने जातो. बाई अजून गेलेल्या नाहीत. त्यांना जावेसे वाटले तर जातील.

वाचकहो, दत्तजयंतीला मार्गशीर्षाच्या पौर्णिमेस देऊळ भरेल, पाळणा होईल, सतरंज्या पुरणार नाहीत. त्या गर्दीत कोण आपल्याला टोचून बोलतो याचा हिशेब सहज होतो; तो अवश्य सोडून द्यावा. त्यापेक्षा वर्षभरात आपल्या मंडळीतून कोण यायचे थांबले, ते जरा आठवून पाहावे. त्या माणसाचे घर बहुधा फार लांब नसते.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥